बारचा पदर

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा सगळ्यांत मोठा फायदा किसनजी नंदनवारांचा झाला. बसल्या जागी त्यांना परदेश मिळाला. आम्हा तहसीलच्या कारकुनांचा फायलींची वाटणी करता करता जीव मेटाकुटीला आला होता, बदलीच्या धास्तीनं चहा गोड लागत नव्हता, आणि हा माणूस खुशीत होता. एसटीनं साकोली सोडली, हद्दीची पाटी मागं गेली, की किसनजी सावरून बसत, सदऱ्याची वरची गुंडी लावत आणि मला दम भरत, "मेश्रामबाबू, आता आपन परदेशात आहोत. नाक सीटले पुसू नोका."

मी जन्मात कधी सीटला नाक पुसलं नव्हतं. पण गोंदिया जिल्ह्यात शिरताना मीही रुमाल चाचपायला लागलो.

किसनजी आमच्या गावच्या कोष्टीपुऱ्यातले. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतला बारमालक अजून हयात आहे. अड्याळ आणि कोंढ्याच्या आसपास कुठंतरी, एवढं पुरे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं गाठोडं घेऊन ते गोंदिया, राजनांदगाव, रायपूर असे फिरत. दिवसा साड्या विकत आणि दिवेलागणीला बार तपासत. 'पीत' असं मी म्हणत नाही. पिणारे आमच्याकडं गल्लीगल्लीत होते, तपासणारा एकच. एका बारात एक ग्लास, दुसरा कधी नाही. तो संपला की निकाल. बार पास असला तर ग्लास टेबलावर उभा ठेवून उठत. नापास असला तर हळूच आडवा करत, झोपलेलं पोर कुशीवर वळवावं तसा, आणि एक शब्द न बोलता बाहेर पडत. पवनीपासून तुमसरपर्यंतच्या बारमालकांना हे पाठ होतं. किसनजींचा ग्लास रिकामा झाला की वेटर जागीच खिळत, गल्ल्यावरचा हात गल्ल्यातच राही, आणि पंखासुद्धा एक फेरी चुकवून निकालाची वाट पाही. पंख्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांची जीभ कशी होती त्याचं एकच सांगतो. रायपूरकडच्या एका बारात दारूत पाणी घातलेलं होतं. किसनजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, पाणी विहिरीचं आहे, आणि त्या विहिरीत चिंचेचा पाला पडतो. मालक खांद्यावरचा टॉवेल टाकून आम्हाला परसात घेऊन गेला. विहीर होती. वर चिंच होती. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी तेव्हा शेंगदाण्यांशिवाय कशालाही तोंड लावलं नव्हतं. मी पीत नाही. किसनजी मला सोबत नेत ते त्यासाठीच. तपासणीला शुद्धीतला एक साक्षीदार पाहिजे, असा त्यांचा नियम होता, आणि भंडारा जिल्ह्यात इतके शेंगदाणे खाऊनही शुद्धीत राहिलेला दुसरा माणूस नव्हता.

त्यांची भाषा सगळी मागावरची. बार म्हणजे त्यांच्या लेखी एक लुगडं. आत शिरेपर्यंत दिसतो तो काठ: पाटी, दिवे, मोरीचा वास. बसल्यावर मिळतं ते अंग: दारू, चकणा, वेटरचं बोलणं. आणि पदर?

"मानूस तिथून घरी कसा जाते, तो पदर," ते सांगत. "काठ आन अंग तर सारेच पायतात, बाबू. खरं लुगडं पदरावर समजते."

या पदरापायी परदेशात एकदा आमचा पदर फाटायची वेळ आली होती. गोंदियाकडचा एक बार. भरदुपार. मालक जुना पैलवान, मान कुठं संपते नि खांदा कुठं सुरू होतो ते त्याच्या शिंप्यालाही ठाऊक नसावं. किसनजींनी ग्लास संपवला आणि आडवा केला. पैलवानानं नुसती हनुवटी हलवली. मागून खर्रर्र करत शटर खाली आलं. आत पिवळा दिवा, आम्ही दोघं, आणि चार-पाच माणसं, सगळी पैलवानाच्याच घाटाची. माझ्या घशात जो शेंगदाणा अडकला तो अजून पुरता उतरलेला नाही. पैलवान टेबलावर हात टेकून हलक्या आवाजात म्हणाला, सेठ, ग्लास उभा करा आणि मग जा.

किसनजींनी ग्लासाला हात लावला नाही. एकदा आडवा झालेला ग्लास वर्षभर आडवाच, असं त्यांनी त्याला शांतपणे समजावलं. म्हणाले, तुझा काठ जरीचा आहे, अंगही घट्ट आहे. पण आम्ही आलो तेव्हापासून तुझ्या पायरीवर एक माणूस उन्हात पडला आहे. त्याच्या तोंडावर माशा बसल्या आहेत. त्याला पाजली तूच. तो तुझा पदर, आणि तो धुळीत लोळतो आहे.

पैलवान बराच वेळ ग्लासाकडं पाहत राहिला. मग त्यानं स्वतः शटर वर केलं, त्या माणसाला दोन्ही हातांवर उचलून आत आणलं आणि पंख्याखाली निजवलं. आमच्याकडं बघितलंही नाही. गाठोडं मी उचललं की गाठोड्यानं मला, ते आठवत नाही. पुढल्या वर्षी मात्र त्याच टेबलावर किसनजींचा ग्लास उभा राहिला आणि पैलवानानं मला पिशवीभर शेंगदाणे बांधून दिले.

पुढं खरा परदेशही घडला. हातमागाच्या प्रदर्शनासाठी काही विणकरांना लंडनला नेलं, त्यात किसनजी होते. तिथं दिवसभर माग चालवून दाखवायचा आणि संध्याकाळी मोकळं. परत आल्यावर सारा कोष्टीपुरा राणीचा वाडा नि मोठं घड्याळ ऐकायला जमला. किसनजींना त्यांतलं काही आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं एक पब. म्हणजे बारच, पण खाली गालिचा, आढं इतकं बुटकं की वाकल्याशिवाय जाणं नाही, आणि टेबलाखाली कोणाचं तरी कुत्रं घोरत पडलेलं. काठ साधा, अंग कोमट. किसनजींचा हात ग्लास आडवा करायला निघालाच होता, तेवढ्यात गल्ल्यामागच्या म्हातारीनं डोक्यावरची पितळी घंटा वाजवली. टोणगे टोणगे गोरे शाळेतल्या पोरांसारखे उठले, आपापले कोट चढवले आणि घरी गेले.

"गिऱ्हाईक पैसे काढून उभा आहे, आन बाई त्याले म्हनते, पुरे, घरी जा," किसनजी दर वेळी इथं थांबत आणि मान हलवत. "असा पदर मी आयुष्यात पायला नाई, बाबू."

आमच्या गावचा 'संगम' बार बंडूभाऊ लांजेवारचा. बंडू म्हणजे किसनजींचा लहानपणचा दोस्त. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो; त्या एका खड्ड्यात दोघं पाय सोडून बसत, असं जुनी माणसं सांगतात. लंडनहून आल्यावर किसनजींनी पहिलं काम काय केलं, तर भंडाऱ्याला जाऊन कासाराकडून एक घंटा ओतून घेतली आणि बंडूच्या वऱ्हांड्यात वळचणीखाली टांगली. ठरल्या वेळेला बंडूनं ती वाजवायची आणि नंतर कोणालाही थेंब द्यायचा नाही. बंडूनं वाजवली. वर्षानुवर्षं वाजवली. तिचा आवाज पार अड्याळपर्यंत जायचा, असं मी सांगत असतो. गावात मात्र खरंच घरोघर जायचा. घंटा झाली की बाया चुलीवरचा भात उतरवत, कारण तो निवेपर्यंत नवरा दारात येई. बाया बारला शिव्या देत, घंटेला देत नसत. किसनजींनी जन्मात ज्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असा देशातला बार तो एकच.

मग घंटा उशिरा व्हायला लागली. मग एक दिवसाआड. मग थांबली. बंडूनं सांगितलं, आतला लोलक तुटला, भंडाऱ्याला दुरुस्तीला दिला आहे. भात निवून गोठायला लागला. कोणाचा नवरा बांधावर सापडे, कोणाचा सापडतच नसे. एका घरची तर मागावरची अर्धी साडी कापून विकली गेली. बायांनी सह्या गोळा केल्या, अर्ज केला आणि मतदान लागलं. हे मतदान नेहमीसारखं नसतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. बार चालू ठेवायचा तर उभीवर शिक्का, बंद करायचा तर आडवीवर. आणि यादीत जेवढ्या बाया आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त आडवीवर आल्या पाहिजेत. जी घरी बसली तिचं माप आपोआप बंडूच्या पदरात.

मत फक्त बायांना. दारूबद्दल ज्याला जिल्ह्यात सगळ्यांत जास्त कळतं त्या किसनजींना मत नव्हतं. होता तो एक शब्द, आणि तो त्यांनी देऊन टाकला होता. बायांच्या सभेत उभं राहून ते म्हणाले होते की लोलक दुरुस्त होऊन येणार, घंटा पुन्हा वाजणार, बंडू मला खोटं सांगणार नाही, हा माझा शब्द. बाया गप्प झाल्या. ज्यानं पैलवानाच्या बंद शटराआड ग्लास उभा केला नाही त्याच्या शब्दाला आमच्याकडं वजन होतं.

गप्प झाली नाही ती एकच. सभेच्या टोकाला बसलेल्या चंद्रकलाबाई म्हणाल्या, "तुमचा शब्द न तो लोलक, दोनी कुठं हायेत ते एकडाव पाहून तरी या."

चंद्रकलाबाई म्हणजे किसनजींच्या मंडळी, आणि अर्जावरची पहिली सही त्यांचीच. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद. ताट वाढलं जाई, पाणी ठेवलं जाई, शब्द नाही. मी एकदा त्यांच्याकडं जेवलो तर दोघं माझ्यामार्फत मीठ मागत होते.

प्रचाराला ऊत आला. बंडूची माणसं गल्लीतून ओरडत फिरत, उभा माणूस बरा की आडवा पडलेला, मग उभ्या बाटलीला मत द्या. चंद्रकलाबाई ओरडल्या नाहीत. त्या मागामागाशी जाऊन बसल्या. मागावरचा उभा धागा तो ताणा, धोट्यातून टाकतात तो आडवा बाणा. त्या बायांना एवढंच म्हणत, "उभा ताना लय घातला आपन. आडवा टाकल्याबिगर लुगडं होते का?" कोष्टीपुऱ्यात याहून जास्त सांगावं लागत नाही. तरी बाया मान खाली घालून धोटा मारत राहिल्या. त्यांच्यापुढं किसनजींचा शब्द होता.

मतदानाच्या दिवशी मी शाळेत यादीवर बसलो होतो. मोठे साहेब तालुक्याहून आलेले. त्या दिवशी दारूबंदी, म्हणून संगमचं शटर खाली. पण शटर खाली असलं तरी वऱ्हांडा उघडा असतो, आणि बंडू डोक्यानं पैलवान होता. शाळेपासून जिथवर प्रचार करायचा नाही ती चुन्याची रेघ नेमकी संगमच्या पायरीशी संपत होती. बंडूनं रेघेच्या पलीकडं, वऱ्हांड्याच्या कडेला एक खुर्ची टाकली, पुढं टेबल ठेवलं, टेबलावर साध्या पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला आणि किसनजींना म्हणाला, तू काही बोलू नकोस, नुसता बस. लहानपणच्या दोस्तानं एवढंच मागितलं. किसनजी बसले.

कोष्टीपुऱ्यातून शाळेकडं यायला तोच एक रस्ता.

सकाळी इतर मोहल्ल्यांतल्या बाया आल्या, बऱ्याच आल्या. कोष्टीपुऱ्यातली मात्र चंद्रकलाबाईंशिवाय एकही नाही. त्या पहिल्या आल्या, शिक्का मारला आणि शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली रस्त्याकडं पाठ करून बसल्या. हवालदार येऊन सांगायला लागला, बाया दारादारात उभ्या आहेत, गल्लीच्या तोंडापर्यंत येतात, ग्लास उभा दिसला की परत फिरतात. माझ्या खिडकीतून किसनजी दिसत नव्हते, पण ग्लासातल्या पाण्यावर ऊन पडून एक चकाकी समोरच्या भिंतीवर पडत होती. ती चकाकी हलत नव्हती. मी यादी पाहत होतो, चकाकी पाहत होतो, पुन्हा यादी.

साहेब अस्वस्थ झाले. पाण्याचा ग्लास म्हणजे प्रचार होतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पाण्याबद्दल कायद्यात काही असेल असं वाटत नाही. त्यांनी हवालदाराला पाठवलं. हवालदारानं विचारलं, काय करून राहिले जी? किसनजी म्हणाले, पानी पिऊन रायलो. मग प्या ना, हवालदार म्हणाला. त्यावर किसनजी म्हणाले, "पेलो तर संपन."

साहेबांनी तालुक्याला फोन लावला. तालुक्यानं जिल्ह्याला लावला. मला तर वाटतं मुंबईपर्यंत गेला असावा. पाण्याच्या ग्लासाचं काय करायचं ते महाराष्ट्रात कोणालाही ठाऊक नव्हतं.

दुपार कलली. मतं मोजून पाहायची गरज नव्हती, यादीवरच्या खुणा मला दिसत होत्या. कोष्टीपुरा आला नाही तर झालं. कडुलिंबाखाली चंद्रकलाबाईंनी पदर घट्ट लपेटून घेतला होता. ऊन सरकून त्यांच्यावर आलं तरी त्या हलल्या नाहीत.

आणि भिंतीवरची चकाकी विझली.

ढग आला असेल म्हणून मी वर पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत. मी उठेपर्यंत घंटा वाजली. कित्येक महिन्यांनी, भरदिवसा. एक टोल नाही, वाजत राहिली.

काय झालं ते हवालदारानं मला नंतर सांगितलं. बायांना नीट दिसावं म्हणून बंडूनं खुर्ची बरोबर घंटेखाली ठेवली होती. रस्त्यावरून घंटेची पाठ दिसते, पोट दिसत नाही. किसनजी अर्धा दिवस समोर पाहत बसले होते. मग मान अवघडली म्हणून त्यांनी ती मागं टाकली आणि घंटेच्या पोटात पाहिलं. लोलक जागेवर होता. त्याला कापडाची चिंधी गुंडाळून गच्च बांधलेली होती. पिवळसर, मऊ, कोशाची. बारचे ग्लास पुसायला किसनजींनी स्वतःच्या मागावरची कात्रणं बंडूला दिली होती, त्यातलीच एक.

"बंड्या," ते म्हणाले, "हे तर माझंच कापड हाय बे."

बंडू म्हणाला, "घंटा झाली का गिऱ्हाईक हायवेवर शहापूरकडच्या बारात जाऊन रायलं होतं, किसन. मी काय करू."

किसनजींनी ग्लास आडवा केला. पाणी टेबलावरून त्यांच्या धोतरावर सांडलं. मग ते खुर्चीवर चढले. सत्तरीकडं झुकलेला माणूस, खुर्ची एका पायानं लंगडी. चिंधीची गाठ त्यांनी दातांनी सोडवली आणि घंटा वाजवायला लागले. हवालदार म्हणाला, आता बंडू याला खाली ओढतो म्हणून मी काठी सावरून पुढं झालो. बंडू पुढं झाला, वाकला आणि त्यानं खुर्ची दोन्ही हातांनी धरली. घंटा थांबेपर्यंत धरून ठेवली.

घंटा ऐकून बाया गल्लीच्या तोंडाशी आल्या, ग्लास आडवा पाहिला आणि या वेळी परत फिरल्या नाहीत. कोणाच्या हाताला खळ, कोणाच्या केसांत धाग्याची कुसं, काहींनी घंटा ऐकून सवयीनं चूलच विझवली होती. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, मेश्राम, घंटा वाजवणं हा तर प्रचार झाला. मी म्हटलं, साहेब, ती वेळेची घंटा आहे. गावाला विचारा.

आडवी बाटली जिंकली. संध्याकाळी किसनजी शाळेच्या फाटकाशी ओल्या धोतरानं उभे होते. चंद्रकलाबाई बाहेर आल्या, त्यांच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "चला. भात टाकाचा आहे." मधे मीठ मागायला मी नव्हतो.

संगम बंद झाला. बंडूनं पुढं तिथं कधी चहा विकला, कधी धानाचं बियाणं. किसनजींशी तो बोलला नाही. किसनजींनीही गावातल्या गावात त्या रस्त्यानं जाणं सोडलं. बार तपासणं तर त्यांनी सोडूनच दिलं. मी विचारलं तर म्हणाले, ज्याले मी पह्यला नंबर देल्ला तोच फुसका निघाला, आता मले कोन विचारते. हे बोलताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर माझी बदली साकोलीला झाली. एक दिवस बसस्टँडवर मी उभा होतो, तर गोंदियाची गाडी लागलेली. खिडकीशी किसनजी. ओळखू येईनात इतके सुकलेले, पण मांडीवर गाठोडं तेच. हात वर करून हाक मारणार तोच त्यांच्या बाजूचा माणूस दिसला. बंडू. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. किसनजी खिडकीबाहेर पाहत होते, बंडू समोरच्या सीटकडं. गाठोड्याचं एक टोक बंडूच्या मांडीवर आलं होतं आणि ते त्यानं बाजूला सारलं नव्हतं.

मी हाक मारली नाही.

गाडीनं घरघर केली आणि हलली. किसनजींनी सावरून बसत सदऱ्याची वरची गुंडी लावली. बंडूनं तिरक्या नजरेनं ते पाहिलं. मग त्यानं आपलीही लावली.